एवढासा तुकडा, पुरवून वापरा

(ठाण्याहून वाशीला निघालेली लोकल. मांडीवर पिशवी.)

पिशवीत फाइल आहे आणि मेणाचा एक छोटा ब्लॉक. फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी करायला सुईने काढलेला तुकडा या मेणात बसवलाय. रुग्णालयात लेखी अर्ज केला की ब्लॉक मिळतो. तो स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.

(पातळ चकत्या कापणाऱ्या यंत्राचं, मायक्रोटोमचं पातं, जवळून.)

साधारण 4 मायक्रॉनची एकेक चकती निघते, रिबनसारखी कोमट पाण्यावर तरंगते आणि तिथून काचेवर उचलली जाते. ब्लॉक नव्याने बसवला की त्याचं तोंड सपाट करण्यातच काही चकत्या वाया जातात. कोणतं औषध लागू पडेल हे ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 ही जनुकं आणि पीडी-एल1 हे प्रथिन तपासून कळतं. म्हणून सगळ्यांच्या काचा एकाच बैठकीत कापून घ्याव्यात. आज एक तपासणी, पंधरा दिवसांनी दुसरी, असं केलं की तिसरीला तुकडाच उरत नाही. मग बायोप्सी पुन्हा करावी लागते.

तुकडा हाडातला असेल तर तो मऊ करायला वापरलेलं तीव्र आम्ल डीएनए, आरएनए खराब करतं. ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ जास्त लागतो, पण तेच वापरायला सांगा.

(अंधारी खोली. सूक्ष्मदर्शकाखाली लाल-हिरवे ठिपके.)

ही फिश तपासणी, म्हणजे जनुकाच्या दोन बाजूंना रंगीत खुणा लावून बघणं. आरओएस-1 जनुक शाबूत असेल तर लाल आणि हिरवा ठिपका चिकटून दिसतात. इथे बघा, फाटाफूट झालीय. निदान 50 पेशी मोजायच्या. 15 टक्के किंवा जास्त पेशींत अशी फूट दिसली तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. असे रुग्ण शंभरात एखाद-दोन, आणि त्यांतले बरेचसे कधीच सिगारेट न ओढलेले. एनजीएसमध्ये, म्हणजे अनेक जनुकं एकत्र वाचणाऱ्या तपासणीत, ही जनुकं एकदम तपासता येतात, मात्र अशा तुटून दुसऱ्याला जोडल्या गेलेल्या जनुकांसाठी डीएनएबरोबर आरएनएही तपासलेला बरा.

रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांची, घाई नको. ती आधी दिली आणि मागून क्रिझोटिनिब हे आरओएस-1 पॉझिटिव्ह रुग्णांचं औषध सुरू केलं, तर यकृताला त्रास होण्याचा धोका वाढतो. थांबणं शक्यच नसेल तर आधी नुसती केमो देता येते.

(गोळ्यांची पट्टी.)

क्रिझोटिनिब, 250 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. पाय सुजतात, डोळ्यांपुढे चमकतं. मेंदूत ते कमी पोहोचतं. तिथे गाठ असेल तर डॉक्टर एन्ट्रेक्टिनिब या दुसऱ्या औषधाचा विचार करतात.