दर सहा वर्षांनी पेटणारं जंगल

ही हिरवी डोंगररांग नीट पाहा. झाडं जवळजवळ एकाच वयाची आणि बहुतेक एकाच जातीची. ही माणसांच्या हातांनी लावलेली आहेत.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा हा टिलामूक परिसर. इथे कित्येक शतकं जुन्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडांचं घनदाट रान होतं. 14 ऑगस्ट 1933. गेल्स क्रीकच्या दरीत लाकूडतोड सुरू होती, हवा कोरडी ठणठणीत. पोलादी दोरानं ओढलेला एक ओंडका वाळक्या लाकडावर घासला. तेवढं घर्षण पुरलं.

दहा दिवस माणसं झुंजली. आग सुमारे 40 हजार एकरांवर होती. मग पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि जेमतेम वीस तासांत वणवा 2 लाख 40 हजार एकरांवर गेला. त्याची राख भर समुद्रातल्या जहाजांवर पडली. शेवटी सप्टेंबरच्या पावसानं तो विझवला.

पण डोंगरावर जळकी खोडं तशीच उभी राहिली, मैलोन् मैल. 1939 साली रान पुन्हा पेटलं. 1945 साली पुन्हा. 1951 साली पुन्हा. लोक म्हणू लागले, या रानाला सहा वर्षांचा शाप आहे. मला यात शाप दिसत नाही. पहिल्या वणव्यानं पुढच्या वणव्यांसाठी सरपण रचून ठेवलं होतं. दर खेपेला नुकती रुजलेली रोपं जळाली, आणि त्याहून वाईट म्हणजे बी देणारी उरलीसुरली झाडंही गेली. जंगलानं परत यायचं कुठून? एकूण 3 लाख 55 हजार एकर होरपळले. उघड्या उतारांवरची माती सॅमन माशांच्या ओढ्यांत उतरली.

1948 साली ओरेगनच्या मतदारांनी अगदी थोड्या फरकानं लागवडीच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. मजूर आले, तुरुंगातले कैदी आले, शाळकरी मुलं आली. हेलिकॉप्टरमधून बी पेरलं. सुमारे 7 कोटी 20 लाख रोपं लागली, आणि 1973 साली या भूमीला टिलामूक राज्य वन हे नाव मिळालं.

या कष्टांपुढे हात जोडावेसे वाटतात. तरीही जुनं रान परतलेलं नाही. लावलेलं बरंचसं बी परमुलखातलं होतं. आज एक बुरशी या डग्लस फरच्या सुईसारख्या पानांवर बसते, पानं पिवळी पडून अकाली गळतात, झाडांची वाढ खुंटते. आणि त्यांच्या सावलीत, नेच्यांच्या आड, जुन्या रानाचे जळके बुंधे अजून आहेत.