ओस पडलेली ठाणी

नमस्कार श्रोतेहो. नाशिकहून बोलायचं आणि विषय ठाण्यांचा, म्हटल्यावर दिंडोरीच्या वाटेवरचा रामशेज आठवणारच. १६८२ साली मोगल फौज पायथ्याशी येऊन बसली, तरी गड कित्येक वर्षं तिच्या हाती लागला नाही. गडावरच्या लोकांना एक भरवसा होता, संभाजी महाराज आपल्याला विसरलेले नाहीत. आज ज्या ठाण्यांबद्दल बोलणार आहे, त्यांच्या पाठीशी मात्र कुणीच उरलं नव्हतं.

ही ठाणी अमेरिकेतल्या टेक्सासची. १८६१ च्या फेब्रुवारीत टेक्सास संघराज्यातून फुटलं. तिथला केंद्राचा सेनापती डेव्हिड ट्विग्ज यानं सुमारे वीस ठाणी दारूगोळ्यासकट राज्याच्या हवाली केली आणि अडीच हजारांवर शिपाई निघाले. फोर्ट बेल्कनॅपसारख्या ठाण्यांना तटबंदी अशी नव्हतीच. मधे कवायतीचं मैदान, भोवती बराकी. शिपाई गेले म्हणजे सगळंच गेलं.

१८६२ मध्ये राज्यानं स्वतःची घोडदळाची पलटण उभारली. उत्तरेच्या रेड नदीपासून दक्षिणेच्या रिओ ग्रांदे नदीपर्यंत एकेका दिवसाच्या मजलेवर छावण्या आणि त्यांच्यामधे ठरलेली गस्त. ठरलेलीच, म्हणून कॉमँची आणि कायोवा या तिथल्या मूळच्या जमातींच्या स्वारांनी ती हेरली आणि ते मधून निसटू लागले. तरणेताठे लोक तर पूर्वेकडच्या मोठ्या लढाईला, म्हणजे फुटलेली राज्यं आणि केंद्र यांच्यातल्या यादवीला, गेलेले.

ऑक्टोबर १८६४ मध्ये एल्म क्रीकवर शेकडो स्वारांची धाड पडली. माणसं मारली गेली, बायकामुलं पळवून नेली. ब्रिट जॉन्सन या कृष्णवर्णीय माणसाची बायको-मुलंही त्यांत होती. त्यांच्या शोधात तो स्वतः शत्रूच्या मुलखात शिरला. आसपासची कुटुंबं क्लिअर फोर्क नदीकाठी एकत्र राहायला आली. वासे उभे रोवायचे, फटी मातीनं लिंपायच्या, की झालं घर. अशा एका गढीत सॅम्युएल न्यूकॉम नावाच्या शिक्षकानं शाळा चालवली आणि रोजनिशी लिहून ठेवली. डोक्यावर धाडीची टांगती तलवार असताना पोरांना धडे देणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

पण तो मुलूख मुळात कुणाचा, हे गाळून ही गोष्ट सांगणं मला पटत नाही. कॉमँची आपली शिकारीची कुरणं राखत होते. आणि किकापू ही दुसरी मूळची जमात, ते तर भांडायला आलेच नव्हते! यादवीला कंटाळून ते बायकामुलांसह मेक्सिकोकडे निघाले होते. ८ जानेवारी १८६५ ला डोव्ह क्रीकपाशी टेक्सासच्या फौजेनं शहानिशा न करता त्यांच्या तळावर हल्ला चढवला आणि सपाटून मार खाल्ला. किकापू मेक्सिकोत पोचले, पण झालं ते विसरले नाहीत. यादवी संपल्यावरही कित्येक वर्षं त्यांच्या धाडी टेक्सासवर पडत राहिल्या.

नमस्कार.