सोम, गुरू, सोम आणि मग चार आठवड्यांनी

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्रं चावल्यावर रेबीजच्या लशीचं पहिलं इंजेक्शन चुकवणारा माणूस क्वचितच सापडतो. रात्री अकरा वाजता रिक्षा करून लोक ससून रुग्णालयात पोचतात. दुसऱ्यालाही बहुतेक येतात. मग जखमेवर खपली धरते, दुखणं थांबतं, कामावर खाडा परवडत नाही, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन राहून जातं. आज बोलायचंय ते या राहून जाणाऱ्या इंजेक्शनाविषयी.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा सरळ तारखांकडे येऊ.

मोजणी सुरू होते पहिल्या इंजेक्शनापासून. कुत्रं चावलं त्या दिवसापासून नाही, पहिल्या इंजेक्शनापासून. तो दिवस शून्य. त्यानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. १ तारखेला पहिला डोस झाला, तर पुढचे ४, ८ आणि २९ तारखेला. हे झालं सरकारी दवाखान्यांत कातडीत देतात त्या लशीचं. खाजगीकडे दंडाच्या स्नायूत देतात, तिथं मध्ये चौदावा दिवसही येतो, म्हणजे १५ तारीख. तारखा डोक्यात राहत नसतील तर वार धरा. पहिला सोमवारी, तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुन्हा सोमवारी, आणि शेवटचा पहिल्यापासून बरोबर चार आठवड्यांनी, सोमवारीच. सोम, गुरू, सोम, सोम.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख असते, तिथंच लाल पेनानं गोल करा. मोबाइलचा गजर एकटा माणूस ऐकतो आणि बंद करून टाकतो. कॅलेंडर सगळं घर वाचतं. घरोघरची भिंतीवरची कॅलेंडरं कमी होत चालली आहेत, हे मला खरंच चांगलं वाटत नाही.

आता, इतक्या वेळा का यायचं? एकदाच काय ते टोचून का टाकत नाहीत? याचं उत्तर १८८५ सालच्या जुलै महिन्यात आहे.

फ्रान्सच्या सीमेलगत आल्सास नावाचा प्रांत. तिथल्या एका खेड्यात जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेला निघाला होता. वाटेत पिसाळलेला कुत्रा अंगावर आला आणि त्यानं हातापायांचे लचके तोडले. चौदा जखमा होत्या. आई पोराला घेऊन थेट पॅरिसला गेली, लुई पाश्चरकडे. तारीख ६ जुलै. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हते, त्यामुळे त्यांना स्वतःला सुई टोचता येत नव्हती. त्यांच्या देखरेखीखाली ग्रांशे नावाच्या डॉक्टरांनी पोटाच्या कातडीची घडी धरून पहिली सुई दिली. पोटातली इंजेक्शनं म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जी धास्ती होती, तिची सुरुवात या घडीपासून.

त्या सुईत काय होतं, ते नीट ऐका. रेबीजनं मेलेल्या सशाचा मज्जारज्जू पाश्चर बाटलीत टांगून वाळवत असत. जितके दिवस वाळेल तितकं त्यातलं विष मंद होई. पहिल्या दिवशी दिलेला मज्जारज्जू पंधरा दिवस वाळलेला होता, अगदी निरुपद्रवी. पुढच्या सुईला त्याहून ताजा. त्याच्या पुढच्या सुईला आणखी ताजा. दहा-अकरा दिवसांत तेरा सुया झाल्या, आणि शेवटची होती जेमतेम एक दिवस वाळलेल्या मज्जारज्जूची, म्हणजे सगळ्यांत जहाल. पाश्चरना त्या रात्री झोप लागत नसे. पण पोराच्या अंगाला पायरीपायरीनं शिकवायचं, तर शेवटची पायरी गाळून चालणार नव्हतं. तो मुलगा जगला. मोठेपणी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच तो राखणदार म्हणून नोकरीला होता.

पुढच्याच वर्षी, मार्च १८८६मध्ये, रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून एकोणीस शेतकरी पॅरिसला आले. त्यांना पिसाळलेला लांडगा चावला होता आणि दोन आठवडे उलटून गेले होते. काहींच्या जखमा इतक्या खोल, की सरळ हॉस्पिटलात ठेवावं लागलं. फ्रेंच कोणालाच येत नव्हतं. एकच शब्द येत होता, पाश्चर. उशीर झाला होता म्हणून त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ टोचलं. एवढ्या लांबून आलेली माणसं परक्या शहरात सगळ्या सुया होईपर्यंत थांबली. तीन जण वाचले नाहीत. सोळा जण आपापल्या घरी परत गेले.

आजची लस वेगळी आहे. मेंदूच्या पेशींपासून केलेली जुनी लस आपल्याकडे २००५च्या सुमारास बंद झाली. आताच्या लशीत जिवंत विषाणू नसतो आणि पोटात सुई नसते. पण शरीराला पायरीपायरीनं शिकवायचं, हे तसंच आहे. पहिल्या डोसांनी प्रतिकारशक्ती जागी होते, शेवटचा तिला पक्की करतो. आणि रेबीज बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांनी डोकं वर काढतो, कधी त्याहूनही उशिरा. लक्षणं दिसल्यावर उपाय राहत नाही. जखम भरली म्हणजे धोका टळला, असं नाही. जखम भरली म्हणजे धोका टळला, असं अजिबात नाही.

आता घोटाळे कुठं होतात ते सांगते. पहिला घोटाळा मोजण्यातला. सरकारी दवाखान्यात एका डोसाला दोन्ही दंडांवर एकेक अशा दोन सुया देतात. रक्त आलं असेल तर जखमेतही सिरमच्या, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्याच्या, सुया देतात. माणूस घरी येऊन म्हणतो, चार इंजेक्शनं झाली, कोर्स संपला. सुया मोजू नका, दिवस मोजा. जखमेतलं सिरम पहिले काही दिवस सांभाळतं, लशीची जागा घेत नाही.

दुसरा घोटाळा गुरुवारचा. पहिला डोस गुरुवारी झाला, तर तिसरा दिवस रविवार येतो आणि ओपीडी बंद. केसपेपर हातात घेतानाच विचारा, रविवारी कुठं मिळेल? सुट्टीच्या दिवशी तातडीचा विभाग देतो का? माझं तर म्हणणं आहे, दवाखान्यातली लशीची खिडकी संध्याकाळीही उघडी असावी. मार्केट यार्डातला हमाल, वाघोलीच्या साइटवरचा गवंडी, रात्रपाळीचा वॉचमन सकाळच्या रांगेत उभा राहिला की त्याची रोजंदारी बुडते. ठेकेदारांनी त्या चार दिवसांची अर्धी रोजंदारी दिली, तरी शेवटचा डोस चुकवणारे कमी होतील.

तिसरं, तारीख हुकली तर लोक लाजेनं जातच नाहीत. जा. दुसऱ्या दिवशी जा, चौथ्या दिवशी जा. कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात.

चौथं, कुत्रं दहा दिवसांनंतर धडधाकट फिरताना दिसलं म्हणून आपल्या मनानं थांबू नका. कातडीतल्या लशीचा कोर्स कुत्रं जगो वा मरो, पुराच करायचा. स्नायूतल्या लशीत चौदाव्या दिवसाचं काय करायचं, ते डॉक्टर ठरवतील. आणि सोसायटीच्या दारात रोज बिस्किटं घालणाऱ्या ताई-दादांना विनंती आहे, माया करता तशी त्या कुत्र्याला वर्षाकाठी लसही टोचून घ्या.

पथ्य काही नाही. अंघोळ चालते, वांगं चालतं, अंडं चालतं. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस देतात. स्टेरॉइड किंवा मलेरियाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगा. लहान मुलांना स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. ढुंगणावर घ्यायची नसते, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही.

केसपेपर पावसात भिजतो, म्हणून आल्याआल्या त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. कोर्स पुरा झाल्यावर तो रेशनकार्डाच्या पिशवीत जपा. पुढं कधी पुन्हा कुत्रं चावलं आणि हा कागद दाखवता आला, तर दोनच डोस लागतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेत सिरम घ्यावं लागत नाही.