दिवाळीनंतरची पिसं

मंडळी, फराळाचे डबे रिकामे होत आले की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या अंगणांतून दरवर्षी एकच तक्रार येते. कोंबडी अंडी देईना, आणि खुराड्यात तर कुणी कापूस पिंजल्यासारखी पिसं पसरलीत. मग खापर थंडीवर फुटतं. थंडीचा यात दोष नाही. ग्वाल्हेरला जूनमध्ये दिवस पावणेचौदा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम साडेदहा. उजेड घटला की कोंबडीचं शरीर अंड्याचं काम थांबवतं आणि जुनी पिसं टाकून नवी काढायला घेतं. साधारण दीड वर्षाच्या कोंबडीपासून हे दरवर्षी चालतं, आणि पुरं व्हायला दोन ते तीन महिने लागतात.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पिसं झडतात कार्तिकात, आणि नवी पुरी होण्याआधीच धुकं येऊन बसतं. पारा ४-५ अंशांवर, कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंश, आणि मध्ये पांघरूण नाही.

आधी हे झडणंच आहे ना, ते तपासा. झडण्याला क्रम असतो: डोकं, मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. पीस बुडासकट, अखंड पडतं. अर्धवट तुटलेले खुंट दिसले तर दुसरी कोंबडी टोचते आहे. नुसती पाठच उघडी असेल तर कोंबड्याच्या नख्या. गुदाभोवती पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या चिकटल्या असतील तर ती उवांची अंडी. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, दिवसा फटीत दडतात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्याखालून पांढरं फडकं फिरवा, तांबडे डाग उठले तर माइट आहेत समजा. मात्र नव्या पिसांवरचं मेणासारखं वेष्टण कोंबडी चोचीनं सोलते, त्याचा कोंडा खुराड्यात पडतो. तो पाहून औषध फवारणारे पुष्कळ. तो कोंडाच आहे, राहू द्या.

कोवळं पीस निळसर काडीसारखं दिसतं, कारण त्यात रक्त वाहतं असतं. दाबलं तर दुखतं, मोडलं तर वाहतं. म्हणून या दिवसांत कोंबडी उचलणं टाळा. मोडलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून कापसानं काही मिनिटं दाबून धरा आणि तिला इतरांपासून वेगळं ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या टोचायला धावतात.

आता खाणं, म्हणजे खरं काम. पिसात ८० टक्क्यांहून अधिक प्रथिनच असतं. कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाते. अंडीवाल्या तयार खाद्यात १६ टक्के प्रथिन धरलं, तर त्यातले १० ग्रॅम काढून तितकीच सोयाबीनची पेंड घाला, आकडा १८ च्या वर जातो. कच्चं सोयाबीन मात्र नको, ते पचनात अडथळा आणतं. सोयात मेथिओनिन हा प्रथिनातला घटक कमी पडतो, आणि पिसाला तेच हवं असतं. तिळाच्या पेंडीत ते भरपूर. आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट दिली तरी चालतं. मोहरीची पेंड इकडे स्वस्त आहे म्हणून ती भरपूर घालू नका, तिच्यातली कडवट द्रव्यं थायरॉइडला बाधतात. आणि शिळी पोळी-भात? तेवढंच पोट भरतं, खाण्यातलं प्रथिनाचं प्रमाण उतरतं. संध्याकाळी १५-२० ग्रॅम बाजरी जरूर द्या, रात्रभर ऊब धरायला. त्याहून जास्त नको.

खुराड्याला प्लॅस्टिक गुंडाळणं ही सगळ्यात वाईट सवय. आत दव धरतं, विष्ठेचा अमोनिया कोंडतो, आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागतं. बसण्याच्या उंचीला वारा अडवायला गोणपाट बांधा, वरची फट उघडी ठेवा. खाली चार-पाच बोटं कोरडा भुसा. बसायची पट्टी अडीच-तीन इंच रुंद, म्हणजे पोटाखाली बोटं झाकली जातात. कोळशाची शेगडी आत ठेवू नका, तिचा विषारी वायू न दिसता मारतो.

राहिला दिवा, म्हणजे अंडी लवकर सुरू व्हावीत म्हणून खुराड्यात लावतात तो. उजेड लवकर वाढवला की नवी पिसं अर्धी असतानाच कोंबडी अंड्यांकडे वळते, आणि उघडं अंग तसंच राहतं. पंख हळूच पसरून पाहा: टोकाकडची दहा मोठी पिसं, मग एक आखूड, मग आतली. आखुडाशेजारून बाहेरच्या दिशेनं ती गळतात, आणि एकेकाला पुरं व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. जी कोंबडी एकदम तीन-चार टाकते ती लवकर आटोपते. एकेक टाकणारी रेंगाळते. दहाही पुरी झाल्यावर पहाटे दर आठवड्याला अर्धा तास दिवा वाढवत दिवसाचा एकूण उजेड चौदा तासांपर्यंत न्या. संध्याकाळी नको, दिवा अचानक मालवला की त्या अंधारात दांडा शोधत बसतात. आणि टोकाकडची दोन पिसं अजून निळसर असतील, तर तो दिवा आणखी पंधरवडाभर कोनाड्यातच राहू द्या.