नव्या हॉटेलवर ‘लवकरच येत आहे’चा फ्लेक्स वर्षभर का लटकतो?

[हातात निळ्या प्लास्टिकचा चुरगळलेला तुकडा]

नमस्कार मंडळी. हे काय आहे सांगा बरं? ज्यांचं हॉटेल आहे त्यांनी लगेच ओळखलं असेल. नव्या स्टीलच्या टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून ही फिल्म चिकटवलेली येते. किचन सुरू करायच्या आदल्या दिवशी सोलायची. महिन्याभरात सोलली तर एका झटक्यात, केळ्याच्या सालीसारखी निघते. पण टेबल बंद शटरमागे उन्हाळाभर पडून राहिलं ना, की तिचा गोंद स्टीलला धरतो. मग ती नखाएवढ्या तुकड्यांत निघते, आणि खाली जो चिकटा उरतो तो थिनर लावून पुसत बसायचं.

मी पुण्यात हॉटेलांना किचनचं सामान पुरवतो. भट्ट्या, सिंक, धूर ओढणारे हूड, डीप फ्रीजर. फिल्म कशी निघतेय यावरून मला मालकाचं किती भाडं फुकट गेलंय याचा अंदाज येतो.

हा तुकडा माझ्या एका मित्राच्या टेबलाचा आहे. त्याचं नाव सांगत नाही, आम्ही त्याला त्या वर्षात चिडवायला ‘शेठ’ म्हणायचो, तेच चालू ठेवू. शेठने जानेवारी २०२५ मध्ये बाराशे स्क्वेअर फुटांचा गाळा घेतला. आधी तिथे साड्यांचं दुकान होतं. वर पाच मजले राहती सोसायटी. बाहेर फ्लेक्स लावला: ‘गुढीपाडव्याला भेटू! फॅमिली रेस्टॉरंट अँड बार.’ पाडवा होता ३० मार्चला.

जेवण सुरू झालं दसऱ्याला. बार सुरू झाला फेब्रुवारी २०२६ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, परवानग्यांसाठी लाच दिली नसेल. किंवा म्हणाल, एजंट चुकीचा धरला. या दोन वाक्यांवर आपल्याकडे प्रत्येक चर्चा संपते, म्हणून तर हा व्हिडिओ करतोय. पैसे खाणारे असतात, नाही असं मी म्हणणार नाही. पण उद्या सगळे हरिश्चंद्राचे अवतार झाले तरी शेठचा पाडवा हुकलाच असता.

आधी एक आकडा घ्या. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारचा आर्थिक पाहणी अहवाल आला. त्यात सरकारनेच लिहिलं होतं की रेस्टॉरंट उघडायला बंगळुरात ३६, दिल्लीत २६ आणि मुंबईत २२ परवानग्या लागतात. आणि दिल्ली पोलिसांकडे रेस्टॉरंटच्या परवान्याला ४५ कागद लागायचे, तर नव्या बंदुकीच्या परवान्याला १९. तेव्हा यावर भरपूर विनोद झाले. पण मला विचाराल तर बावीस हा आकडा भीतीदायक नाही. बावीस कागद एकाच सोमवारी बावीस खिडक्यांवर देता आले असते तर महिन्याभरात विषय संपला असता. ते तसे देता येत नाहीत. अडचण तिथे आहे.

बारचा परवाना मागायचा तर खाण्याचा परवाना हवा. खाण्याच्या परवान्याला जागेचे कागद आणि किचनचा नकाशा हवा. अग्निशमनवाल्यांना नुसता नकाशा चालत नाही, बसवलेली यंत्रणा दिसायला हवी. ती छत झाल्याशिवाय बसत नाही, छत डक्टिंग, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, झाल्याशिवाय होत नाही, आणि डक्टिंगला सोसायटीची परवानगी लागते. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड.

आणि या सगळ्यात भाड्याचं मीटर चालू! शेठला मालकाने दोन महिने भाडं माफ केलं होतं. मार्चपासून महिना १ लाख ८० हजार. मार्च ते सप्टेंबर, सात महिने. म्हणजे पहिली रोटी तव्यावर पडायच्या आधी १२ लाख ६० हजार गेले. डिपॉझिट वेगळं, आचाऱ्याला धरून ठेवायला अर्धा पगार दिला तो वेगळा. चांगला आचारी थांबत नाही हो, दुसरीकडे जातो.

आता डक्टिंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा धंदाच तो आहे आणि याच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

तंदूर आणि चायनीजच्या बर्नरवरचा धूर, तेलाची वाफ, हे सगळं हूडमधून ओढून पत्र्याच्या चौकोनी नळीने वर गच्चीच्याही वर न्यायचं असतं. मागच्या गल्लीत सोडलं की आठवड्यात तक्रार ठरलेली. शेठचा गाळा तळमजल्यावर. म्हणजे पाच मजले नळी चढवायची, आणि ती भिंत सोसायटीची. झाली का पंचाईत?

सोसायटीची सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास. शेठ नवा शर्ट घालून, पेढे घेऊन. मी नकाशा घेऊन, ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून. अर्धा तास मी मोटरचा आवाज किती, रबरी पॅड कसे लागतात, फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, हे सगळं समजावलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, “ते सगळं खरं बाळा, पण तुझ्या कोंबडीच्या फोडणीचा वास माझ्या देवघरात येणार का?”

आता याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, “आजी, वास वर जाईल.” त्या म्हणाल्या, “वरच तर राहते मी.”

ठराव पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा दीड महिन्याने. शेवटी नळी इमारतीच्या दुसऱ्या अंगाने, आजींच्या खिडकीपासून लांब वळवली. दोन कोपरे वाढले, त्यामुळे मोटर मोठी लागली. मोटर मोठी लागली म्हणून विजेचा लोड वाढला. साड्यांच्या दुकानाला काय, चार पंखे आणि ट्यूबलाईट. इथे एसी, फ्रीजर, एक्झॉस्ट. वाढीव लोडचा अर्ज केला तेव्हा कळलं की इमारतीच्या ट्रान्सफॉर्मरवर तेवढी जागाच शिल्लक नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. यात कुणी खलनायक आहे का सांगा. आजींचं चुकलं? मला तरी नाही वाटत. माझी आई तिथे राहत असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

अग्निशमनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि ते ऐकून हॉटेलवाले मित्र माझ्यावर रागावतात. ती तपासणी सैल करा म्हणणाऱ्यांना मी एकच तारीख सांगतो: २९ डिसेंबर २०१७. मुंबईच्या कमला मिलमध्ये रात्री साडेबाराच्या सुमारास आग लागली, १४ जण गेले. आणि तेही विसरलं जायच्या बेतात असताना डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात, हडफड्याला नाईट क्लब पेटला, २५ जण गेले. तेव्हा बाहेर पडायचा दुसरा दरवाजा मोकळा आहे का हे बघायला चार माणसं जास्त आली तर येऊ द्या. तुमच्या कोल्ड्रिंकच्या क्रेट तिथून हलवा.

बरं, आता दारू.

[खुर्ची पुढे ओढून]

आपण ‘परमिट रूम’ हा शब्द इतका वापरतो की त्याचा अर्थच ऐकू येत नाही. महाराष्ट्रात दारूचा जो मूळ कायदा आहे त्याचं नाव काय? मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. दारूबंदी! मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असतानाचा. तो रद्द झालेला नाही, नाव बदलून चालूच आहे. गुजरातही त्याच मुंबई राज्याचा भाग होता, त्यामुळे तिकडची दारूबंदीही याच कायद्याच्या मुळातून आलेली. तिकडे बंदी, इकडे पाटी ‘परमिट रूम’. म्हणजे कायद्याच्या नजरेत दारू मनाईच आहे. फक्त ज्याच्याकडे परमिट आहे त्याने बसून प्यायची ही खोली. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. ‘आजन्म’ हा शब्द खरंच वापरतात. आमच्या एका काकांनी तो फ्रेम करून लावलाय.

याचा उशिराशी काय संबंध? खूप आहे. खाण्याच्या परवान्यात तुम्ही नियम पाळलेत की परवाना तुमचा. दारूत तुम्ही अपवाद मागताय. मग अधिकारी ‘का द्यावा’ हे विचारणार. अर्ज जातो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, ज्याला आपण एक्साईज म्हणतो, आणि परवाना असतो जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात. बारच्या या परवान्याला एफएल-३ म्हणतात. जाता जाता, वाईन शॉपचा एफएल-२ वेगळा. ते नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकात थांबवले, म्हणून लोकांचा गैरसमज होतो की बारचेही मिळत नाहीत. मिळतात. वेळ लागतो.

मधे काय काय होतं? पोलिसांचा अहवाल, भागीदारांची चारित्र्य पडताळणी, इन्स्पेक्टरची स्थळपाहणी. नकाशात दाखवायचं की ग्राहक कुठे बसणार, बाटल्यांची खोली कुठे, तिला दार किती. नंतर एक भिंत हलवली तरी नकाशा पुन्हा. आणि पाहणीला जागा तयार लागते, टेबलं मांडलेली, संडास चालू. म्हणून बहुतेक जण आधी नुसतं रेस्टॉरंट उघडतात आणि पाटीवरच्या ‘बार’ शब्दावर कापड बांधतात. अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील.

शेठच्या फाईलवर दोनदा त्रुटी निघाल्या. एकदा भागीदाराच्या आधारवरचा पत्ता जुना होता. दुसऱ्यांदा त्याने नकाशात मोजमापं फुटांत दिली होती, ती मीटरमध्ये हवी होती. हसू नका, प्रत्येक त्रुटी म्हणजे तीन आठवडे.

मग अंतर. शाळा, मंदिर यांच्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. ते फाटकापासून मोजायचं की भिंतीपासून, सरळ रेषेत की चालत, यावर वाद होतात. सगळ्यांत भारी किस्सा केरळचा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, १ एप्रिल २०१७ पासून. एर्नाकुलम जिल्ह्यात परवूरला एका बारमालकाने काय केलं, दारासमोरच्या मोकळ्या जागेत भिंती घालून भुलभुलैया बांधला. आत वळत वळत जायचं. चालायचं अंतर भरलं पाचशेच्या वर! आपल्याकडेही त्या वर्षी हायवेवरच्या कित्येक बारचे शटर खाली आले. त्याच जुलैमध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या बारना ही बंदी नाही. पण त्या तीन महिन्यांत ज्याचा नवा बार उघडायचा होता, त्याने काय करायचं?

तेच निवडणुकीचं. जिल्हाधिकारी हाच जिल्हा निवडणूक अधिकारी. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. शेठची फाईल सहीला पोचली डिसेंबर २०२५ मध्ये, आणि महापालिकांची आचारसंहिता लागली. मतदान १५ जानेवारीला. सगळं खातं निवडणुकीच्या कामाला. फाईल कुणी अडवली नव्हती, कुणी उघडलीच नव्हती.

आणि शेठचा स्वतःचा एक मूर्खपणा, त्याच्या परवानगीने सांगतो. त्याने दारूचं मेनू कार्ड मे महिन्यातच छापून ठेवलं. दोनशे प्रती, सोनेरी अक्षरं, किमतींसकट. जूनमध्ये राज्य सरकारने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. १४ जुलैला राज्यभरच्या परमिट रूमनी निषेध म्हणून एक दिवस बंद पाळला. शेठ म्हणाला, “मी पण सहभागी आहे. माझा तर जानेवारीपासून बंद चालू आहे.” ती कार्डं आता त्याच्याकडे टेबल डगमगलं की पायाखाली घालायला वापरतात.

तुम्ही गाळा बघताय का? मग टोकन द्यायच्या आधी या तीन गोष्टी करा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला मिळालेला दाखला, मागा आणि त्यात गाळ्याचा वापर काय लिहिलाय ते स्वतः वाचा. टेप घेऊन शाळा-मंदिरापर्यंत चालत जा. आणि करारात लिहून घ्या की परवाना अमुक महिन्यांत आला नाही तर भाडं निम्मं, किंवा डिपॉझिट परत. मालक नाही म्हणेल. दुसरा मालक हो म्हणेल. शेठने यातलं एकही केलं नव्हतं, कारण त्याला कोपऱ्यावरचा गाळा हवा होता.

दसऱ्याला जेवण सुरू केलं तो दिवस आठवतोय. २०२५ चा दसरा आला २ ऑक्टोबरला. गांधी जयंती, म्हणजे ड्राय डे. त्याच्याकडे बार नव्हताच, त्यामुळे शहरातल्या सगळ्या बारवाल्यांच्या बरोबरीने तो त्या दिवशी बसला होता, आणि तेवढ्यावर खूश होता. सकाळी आम्ही दोघांनी थिनर आणि चिंध्या घेऊन ही फिल्म काढली. चार तास लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उद्घाटनाला आल्या, श्रीखंड-पुरी खाल्ली, वर जाऊन खिडकी उघडून पाहिली आणि खाली निरोप पाठवला की अजून तरी वास नाही.

परवाना हातात आला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पाटीवरचं कापड सोडलं, नारळ फोडला. परवान्याचं वर्ष असतं १ एप्रिल ते ३१ मार्च. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेठचा फोन आला. म्हटलं, “काय शेठ, गर्दी?” म्हणाला, “नूतनीकरणाचं चलन भरायला आलोय. रांगेत आहे.”