मोहोरावरची भुरी, वेलावरची भुरी

(सकाळ. भात काढून झालेला मळा. दवाने भिजलेले काकडी-कलिंगडाचे वेल. वर बांधापलीकडे हापूसची कलमं.)

कोकणात 'भुरी', म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग, म्हटलं की माणूस वर बघतो, कलमांकडे. पौष-माघात मोहोर पांढरा पडू लागला की घरातल्यांची झोप उडते. पंप, औषध, गडी, सगळी धावपळ बागेत. आणि त्याच दिवसांत बांधाखालच्या मळ्यात, काकडीच्या बुडाशी, दुसरी भुरी निवांत बसलेली असते.

ही खरंच दुसरी. मोहोर खाणारी बुरशी वेगळी आणि वेल खाणारी वेगळी. कलमांवरची भुरी उडून काकडीवर येत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या बागेला बोल लावण्यात अर्थ नाही.

(बुडाकडचं एक जुनं पान हलकेच वर उचलणारा हात.)

हे पान बघा. भाकरी थापताना परातीबाहेर पीठ सांडावं, तसे चार गोल ठिपके. बोटाने पुसले तर पुसले जातात. सुरुवात इथूनच होते: जुनं पान, दाट सावली, हवा न खेळणारी जागा. पान पिवळं पडून त्यावर शिरांनी अडवलेले कोनदार डाग असतील आणि खालून करडी-जांभळट लव दिसत असेल, तर तो केवडा नावाचा दुसराच रोग. त्याचं औषध निराळं.

दोघांचा स्वभावही उलटा. केवड्याला पान ओलं लागतं. भुरीला दमट हवा पुरते. पानावर साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात तवशाच्या, म्हणजे मोठ्या पावसाळी काकडीच्या, मांडवावर केवडा माजतो, आणि पाऊस सरल्यावर लावलेल्या वेलांवर भुरी.

(पांढऱ्या पुडीचं अगदी जवळून चित्रण.)

ही पूड म्हणजे बीजाणूंच्या माळा. बुरशी पानाच्या वरच पसरते, पण पेशींत बारीक सोंडा खुपसून रस ओढते. मेलेल्या पानावर तिचं भागत नाही, तिला जिवंत पानच हवं. हवा मानवली तर बीजाणू पडल्यापासून ३ ते ७ दिवसांत नवा ठिपका. मंगळवारी चार पानं होती, पुढच्या मंगळवारी मोजायची सोय राहत नाही.

फळावर ती सहसा बसत नाही. त्यामुळेच फसगत होते. कलिंगड बाहेरून ठणठणीत, कापल्यावर लालही. पण साखर पानं करतात, आणि पानंच वाळली तर गोडी यायची कुठून? वर पाचोळ्यातून उघडी पडलेली फळं उन्हाने भाजतात. हायवेच्या कडेला गिऱ्हाईक एक फोड चाखतं आणि गाडीत जाऊन बसतं.

(पंप भरताना.)

जुना, स्वस्त उपाय गंधकाचा. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम. पण पारा ३२ अंशांच्या वर गेला की हेच गंधक पानं करपवतं, त्यात कलिंगड-खरबूज जास्तच नाजूक. आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारीतही तेवढं तापतं. म्हणून फवारायचं ते थंडी असताना, ठिपके चार असताना. निंबोळी तेल मारलं असेल, तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत.

दुधाचं ऐकून लोक हसतात. ब्राझीलच्या वाग्नर बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनी या काकडीच्या कुळातल्या भाजीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले: आठवड्याला एकदा, पाण्यात १० टक्के किंवा जास्त गाईचं दूध. भुरी औषधाइतकीच आटोक्यात राहिली. एकरभर कलिंगडाला हे परवडणार नाही. परसातल्या दोन वेलांना कप-दोन कप दूध जड नाही.

(पानावर पिवळाधमक, मिरीएवढा किडा.)

आणि हा. याला मारू नका. हा ढालकिडा मावा खाणाऱ्यांतला नाही, भुरीच खातो. त्याच्या खाण्याने रोग थांबत नाही, तेवढं त्याचं पोटच नाही. पण हा जिथे घुटमळतो, त्याच्या खालचं पान उचलून बघा.