कपाटाची किल्ली

(दृश्य: पाऊस. कौलारू शाळा. वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट.)

सत्तरी तालुका, ऑगस्ट महिना. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, खोल्या दोन, वर्ग चार. शाळेचे वाचनालय म्हणजे हे कपाट. दार उघडले की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, मागोमाग दमट कागदाचा. गोव्याच्या पावसात बंद कपाटातली पुस्तके फुगतात, पुठ्ठ्यावर बुरशी धरते, शिवणीत कसर शिरते. खालच्या कप्प्यातली ही जाडजूड चरित्रे पाहा. आता वरची प्राण्यांच्या गोष्टींची पातळ पुस्तके पाहा. कडा फाटल्यात, चिकटपट्ट्या लागल्यात, एकाचे तर मुखपृष्ठच गेले आहे. पण बुरशीचा ठिपका नाही. हात लागत राहिला ना, म्हणून.

ग्रंथालयांच्या बाबतीत गोवा मागे नाही. पणजीत 1832 साली, पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल यांच्या कारकिर्दीत सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आज ते पणजीतल्याच पाटो भागातल्या भव्य इमारतीत आहे आणि त्याला 16व्या शतकातले केळोशीचे लेखक कृष्णदास शामा यांचे नाव आहे. पण चोर्ला घाटाखालच्या गावातले मूल पुस्तक बदलायला पणजीला थोडेच जाणार?

इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणी. शाळेत धडे मराठीतून. आणि पाचवीत गेले की बहुतेकांचे माध्यम इंग्रजी. म्हणजे लिपी जेमतेम हाताशी येते न येते तोच भाषा बदलते. भाषेचे पाठ्यपुस्तक वर्षाला एकच, आणि दिवाळीपर्यंत ते निम्मे पाठ झालेले असते. पाठ असलेला धडा मूल घडाघडा म्हणते, पालक खूश. न शिकवलेले पान पुढे ठेवले की खरी परीक्षा. अनोळखी शब्दाशी अडून, मागचे-पुढचे वाचून, त्याचा अर्थ स्वतः लावायची सवय या कपाटातल्या पुस्तकांनी लागते. ती एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेतही मूल तितके बिचकत नाही.

(दृश्य: देवघेवीची वही, जवळून.)

शुक्रवारचा शेवटचा तास. वही चौथीतली मुलगी सांभाळते. रकाने चार: नाव, पुस्तक, नेले, आणले. पाचवा तिने स्वतः पट्टीने आखला आहे, ‘कसे वाटले’. एक नोंद, ‘मगर बरी होती.’ दुसरी, ‘चित्रे जास्त, लिहिलेले कमी. आवडले.’ आणि ही तिसरी, ‘आजीला वाचून दाखवले. ती झोपली.’ समीक्षा याहून प्रामाणिक असू शकत नाही.

आता तिसवाडीतले एक हायस्कूल. इथे ग्रंथालयाला खोली आहे, ग्रंथपाल आहेत. सातवीला प्रकल्प दिला आहे, खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवलेल्या जमिनीतली शेती. एरवी अशा प्रकल्पाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एकच मजकूर वर्गभर छापून येतो. इथे ग्रंथपालांनी टेबलावर तीन पुस्तके ठेवली आणि मुलांना पुस्तकामागच्या शब्दसूचीत ‘बांध’ आणि ‘मानस’ (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची मोरी) शोधायला लावले. एका पुस्तकात लिहिले होते की भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा मानशीचे दार मिटते, आणि ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. दुसऱ्यातल्या चित्रात दार नेमके उलट्या बाजूला उघडलेले. मुले भांडायला उठली. शेवटी ओहोटीची वेळ पाहून वर्ग बांधावर गेला. चित्र चुकले होते. छापलेलेही तपासून घ्यायचे असते हे त्या दिवशी कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. ग्रंथपालांना रोज बदली तासाला पिटाळणाऱ्या मुख्याध्यापकांनी हा भाग जरूर पाहावा.

मग इतर शाळांत कपाटाला कुलूप का? मास्तरांना दोष देणे सोपे आहे. पुस्तक हरवले तर ऑडिटला उत्तर कोण देणार, ही भीती खरी आहे. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेला पहिलाच नियम सांगतो की पुस्तके वापरासाठी असतात. ते राहू द्या, सरकारी नियमच पाहू. केंद्राच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार वर्षभरात वाचायला दिलेल्या दर 1,000 पुस्तकांमागे 5 गहाळ झाली तर ते वाजवी धरता येते, मात्र त्यामागे हलगर्जी किंवा लबाडी नसावी. दप्तरात जपून ठेवावे असे हे कलम. शंभर वेळा पुस्तक देऊन एकही न हरवणारे वर्ग कमी नाहीत.

पैशांचे म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या इयत्तांप्रमाणे 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. त्यातून काय घ्यायचे हे मात्र बहुधा मोठेच ठरवतात. खालच्या कप्प्यातली चरित्रे आली ती अशीच.

सत्तरीच्या शाळेत यंदा मागणीची वही ठेवली आहे. पहिली मागणी सापांच्या पुस्तकाची, दुसरी भुतांच्या गोष्टींची. टीचरनी दोन्हींवर बरोबरची खूण केली आहे. भुतांच्या पुढे कंसात लिहिले आहे, ‘दोन प्रती’.